गोय, नोख्री, गेर, शिक्सा : बिगरज्यूंसाठीचे ज्यू शब्द कसे ओळखायचे आणि मराठीत कसे आणायचे

'गोय' हा शब्द समोर आला की बहुतेक जण कोश उघडतात, 'बिगरज्यू' हा अर्थ बघतात आणि पुढे जातात. कधी तो अर्थ नेमका बसतो, कधी वाक्याचा पार विचका होतो. ज्यू लोकांनी इतरांसाठी वापरलेले शब्द एका काळात किंवा एका भाषेत घडलेले नाहीत. तनाखमधले, म्हणजे हिब्रू बायबलमधले शब्द वेगळे. मिश्ना आणि तालमूद या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, ग्रंथांतल्या कायद्यातले वेगळे. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिडिश बोलणाऱ्या घरांतले वेगळे, आणि आजच्या इस्रायली सरकारी कागदांवरचे आणखी वेगळे. एकच शब्द या चारही ठिकाणी भेटतो आणि चारही ठिकाणी निराळं काम करतो.

म्हणून कोशाकडे जाण्याआधी तीन गोष्टी ठरवा: मजकूर कोणत्या काळातला आहे, शब्द हिब्रू म्हणून आलाय की यिडिश म्हणून, आणि बोलणारा कोण, कोणाशी बोलतोय. ही तीन उत्तरं मिळाली की निम्मं काम होतं.

आधी 'गोय'

तनाखमध्ये गोय म्हणजे राष्ट्र, लोकसमूह. कोणाचंही राष्ट्र, इस्राएलचंसुद्धा. उत्पत्ती १२:२ मध्ये देव अब्राहामाला सांगतो की मी तुझं 'गोय गादोल' करीन, म्हणजे मोठं राष्ट्र. निर्गम १९:६ मध्ये सीनाय डोंगराशी इस्राएल लोकांनाच 'गोय कादोश', पवित्र राष्ट्र, म्हटलं आहे. रिबेका गरोदर असताना तिला सांगितलं जातं की तुझ्या पोटात दोन गोयिम आहेत (उत्पत्ती २५:२३), आणि त्या दोघांतला एक खुद्द याकोब, म्हणजे इस्राएल. यशया २:४ मधलं 'एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्रावर तलवार उचलणार नाही' हे वाक्य मुळात 'गोय'वर 'गोय' असंच आहे. इथे कोशातला अर्थ चिकटवला तर 'मी तुझा मोठा बिगरज्यू करीन' असलं काहीतरी हाती येतं.

मिश्ना-तालमूदच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत, शब्द समूहावरून एका माणसावर आला. आता गोय म्हणजे ज्यू नसलेली एक व्यक्ती. ओळखायची कसोटी सोपी आहे. वाक्यातला गोय दिवा लावतो, दूध काढतो, गाय विकत घेतो का? मग तो माणूस आहे, 'बिगरज्यू' लिहा. तो युद्धाला निघतो, थोर होतो, नाश पावतो का? मग बहुधा राष्ट्र.

हिब्रूतला 'गोय' ग्रीक अनुवादात 'एथ्नोस' झाला, लॅटिनमध्ये 'गेन्स', आणि त्यातूनच इंग्रजी 'जेंटाइल' आला. मराठी बायबलमध्ये 'राष्ट्रे' आणि 'परराष्ट्रीय' हे शब्द दिसतात त्यामागे हीच वाट आहे. 'जेंटाइल' हा काही फक्त ज्यूंचा शब्द उरलेला नाही: मॉर्मन पंथाचे लोक तो मॉर्मन नसलेल्यांसाठी वापरत आले आहेत. त्या हिशेबाने ज्यूसुद्धा जेंटाइल ठरतो!

यिडिशमध्ये गोयला सूर चिकटतो. 'शेजारी एक गोय राहतो' ही निव्वळ माहिती. 'गोयिशे कोप', म्हणजे गोयचं डोकं, हा मात्र अक्कल काढण्याचा प्रकार. तोच शब्द ज्यू माणसावरही फेकला जातो. धर्माचं काहीच न पाळणाऱ्या किंवा साध्या प्रार्थना न येणाऱ्या ज्यूला 'अगदी गोय झालाय' म्हणतात, आणि तिथे 'बिगरज्यू' हा अनुवाद सपशेल चुकतो. 'धर्माचा गंध नाही' असं काहीतरी लिहावं लागतं.

मग गोय ही शिवी आहे का? मुळात नाही, वापराने होऊ शकते. सभ्य आणि सपाट शब्द हवा असेल तर आधुनिक हिब्रूत 'लो-येहुदी' (ज्यू नाही तो) आहे, आणि समोरच्या माणसाशी बोलताना ज्यू लोक बहुधा तोच किंवा इंग्रजीतला 'नॉन-ज्यू' वापरतात. आजच्या इंटरनेटवर एक उलटी गोष्टही दिसते. ज्यूद्वेष पसरवणारे लोक स्वतःच 'गोयिम' हा शब्द मिरवतात, जणू ज्यूंचं एखादं गुपित फोडल्याच्या आविर्भावात. लिहिणारा ज्यू नाही आणि तरी प्रत्येक वाक्यात 'गोयिम' येतोय, तर मजकूर बाजूला ठेवून आधी लिहिणाऱ्याचा हेतू तपासा.

गेर आणि नोख्री यांची सरमिसळ करू नका

मराठीत दोन्हींना 'परका' म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. तनाखमध्ये मात्र या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो एकाच ओळीत पाहायचा असेल तर बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं १४:२१ उघडा. आपोआप मेलेलं जनावर तुम्ही खाऊ नका. ते तुमच्या वेशीच्या आत राहणाऱ्या 'गेर'ला द्या, किंवा 'नोख्री'ला विका. गेरला फुकट, नोख्रीला दामाने. कारण गेर हा येऊन वसलेला, जमीन नसलेला, आश्रयाने राहणारा माणूस. त्याला सांभाळायचं असतं. नोख्री हा बाहेरचा. व्यापाराला येतो आणि जातो. त्याच्याकडून व्याज घेता येतं (अनुवाद २३:२१), त्याला राजा करता येत नाही (१७:१५). रूथ मवाबहून येते आणि बवाजाच्या शेतात 'मी तर नोख्रिया' असं म्हणते (रूथ २:१०), तेव्हा ती स्वतःला वसलेल्यांच्याही बाहेर ठेवत असते. म्हणून तिथे नुसतं 'परकी' कमी पडतं, 'परदेशीण' जास्त जवळ जातं.

गेरसाठी मराठी बायबलमधला 'उपरी' हा शब्द चांगला आहे. आजच्या कानाला 'उपरा' टोचतो हे खरं, पण निर्गम २२ मधल्या आज्ञेचा जोर त्या टोचण्यातच आहे: गेरला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही गेर होतात.

इथे वचनांच्या आकड्यांत एक नेहमीची गफलत होते. ही आज्ञा हिब्रू क्रमांकानुसार २२:२० आहे, ख्रिस्ती आवृत्त्यांत २२:२१. व्याजाचं वचनही असंच, हिब्रूत २३:२१ आणि ख्रिस्ती आवृत्तीत २३:२०. आकडा जुळला नाही म्हणून संदर्भ खोटा ठरवू नका. एक पुढे-मागे करून बघा.

तालमूदमध्ये गेर बदलतो. आता तो धर्मांतर करून ज्यू झालेला माणूस, म्हणजे बिगरज्यू उरलेलाच नाही. 'गेर त्सेदेक' म्हणजे असा पूर्ण धर्मांतरित. 'गेर तोशाव' म्हणजे ज्यू न होता, काही मूलभूत नियम मान्य करून ज्यूंच्या देशात राहणारा. आधुनिक हिब्रूत गेर, स्त्री असेल तर 'गियोरेत', हा शब्द धर्मांतरितासाठीच चालतो. तालमूदमधल्या गेरला 'उपरी' लिहिणं ही अनुवादातली सर्रास चूक आहे, आणि तिने कायद्याचा अर्थ शब्दशः उलटा होतो.

'झार' हा शब्दही फसवतो. अर्थ 'परका', पण कशाला परका ते प्रसंग ठरवतो. गणना १८:४ मध्ये निवासमंडपाजवळ, म्हणजे उपासनेच्या तंबूजवळ, न येणारा 'झार' म्हणजे लेवी (तिथली सेवा करणारं कूळ) नसलेला. तो पक्का इस्राएलीच असू शकतो. 'अवोदा झारा' म्हणजे परकी उपासना, मूर्तिपूजा. आजच्या इस्रायलमध्ये 'ओवेद झार' म्हणजे परदेशी कामगार. मूळ धातू तेच, म्हणून हिब्रू वाचकाला त्यात 'अवोदा झारा'चा प्रतिध्वनी ऐकू येतो; मराठीत तो आणायला जाऊ नका, जमत नाही.

'आम हाआरेत्स', शब्दशः देशाची माणसं, याचंही असंच. एज्राच्या पुस्तकात अनेकवचनी रूप आजूबाजूच्या परक्या लोकांसाठी येतं. रब्बींच्या भाषेत तोच अडाणी ज्यू झाला. 'मीन' आणि 'आपिकोरेस' हे बिगरज्यू नव्हेतच, ते पाखंडी. 'मेशुमाद' म्हणजे धर्म सोडून गेलेला ज्यू. यादी करताना हे तिन्ही हमखास चुकीच्या रकान्यात पडतात.

छापील पानावरचा शब्द मूळचाच आहे का?

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. १५५३ मध्ये रोममध्ये तालमूद जाळला गेला. त्यानंतर ख्रिस्ती राज्यांत ज्यू ग्रंथ छापायचे तर सेन्सॉरच्या हातून जावं लागे. १५७८ ते १५८१ दरम्यान स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला छापलेल्या तालमूदमधून 'अवोदा झारा' हा अख्खा ग्रंथभाग वगळला गेला. उरलेल्या पानांवर 'गोय' आणि 'नोख्री' खोडून दुसरे शब्द बसवले गेले: 'अकुम', 'कुती', 'मित्स्री', 'केनाआनी'. कुती म्हणजे मुळात शोमरोनी (ज्यूंच्या शेजारचा, तोरा मानणारा पण वेगळा समाज), मित्स्री म्हणजे मिसरी, केनाआनी म्हणजे कनानी. त्यामुळे तालमूदच्या जुन्या छापील प्रतीत शोमरोनी भेटला की तो खरा शोमरोनी की सेन्सॉरचा, हे आधी ठरवावं लागतं. हस्तलिखितांवरून केलेली आवृत्ती हाताशी असेल तर ती बघा. नसेल तर चर्चेचा विषय बघा. शोमरोनी लोकांचे खास प्रश्न, त्यांची भाकर किंवा साक्ष, असे काही नसेल आणि साधाच बिगरज्यू चालत असेल तर बदल झालेला असण्याची शक्यता दाट.

'अकुम' हे आद्याक्षरांचं रूप आहे: 'ओव्दे कोखाविम उमाझालोत', तारे आणि राशी पूजणारे. हेतू असा की हे नियम प्राचीन मूर्तिपूजकांबद्दल आहेत, ख्रिस्ती शेजाऱ्यांबद्दल नाहीत, हे दिसावं. पुढे १९व्या शतकात ज्यूद्वेष्ट्यांनी याच अक्षरांचा अर्थ 'ख्रिस्त आणि मिरियमचे (मेरीचे) पूजक' असा लावला. ज्या शब्दाने बचाव करायचा तोच आरोपपत्रात! रोजच्या सकाळच्या प्रार्थनेतल्या 'मला गोय केलं नाहीस' या आशीर्वचनातही वेगवेगळ्या प्रार्थनापुस्तकांत गोयच्या जागी 'नोख्री' मिळतो, आणि ज्यूंच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या पुस्तकात वाक्यच फिरवून 'मला इस्राएल केलंस' असं केलं आहे.

तालमूदचं म्हणून एखादं भडक वाक्य समोर आलं तर असं तपासा. खरा संदर्भ ग्रंथभागाचं नाव, पानाचा आकडा आणि बाजू अशा रूपात असतो, जसं 'सॅनहेद्रिन ५९अ'. जवळजवळ प्रत्येक ग्रंथभाग पान २ पासून सुरू होतो, पान १ कुठेच नसतं. '१अ' असा संदर्भ दिसला तर तो बनावट किंवा निष्काळजी. बॅबिलोनी तालमूदमधला सर्वात लांब भाग 'बावा बात्रा', तोही १७६ पानांवर संपतो, म्हणजे 'पान ३१२' कुठेच नाही. नावही बघा. 'लिब्रे डेव्हिड' नावाच्या ग्रंथातलं एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. असा ज्यू ग्रंथ अस्तित्वातच नाही.

आणि संदर्भ खरा निघाला तरी अख्खं पान वाचा. सॅनहेद्रिन ५९अ वर रब्बी योहानान म्हणतात की तोराचा (मोशेच्या धर्मशास्त्राचा) अभ्यास करणारा गोय मृत्युदंडास पात्र आहे. द्वेषाच्या यादीत हे हटकून असतं. त्याच पानावर त्याला लगेच हरकत घेतली आहे: रब्बी मेईर यांच्या मते तोराचा अभ्यास करणारा गोय महायाजकासारखा आहे. मग तालमूद दोघांचा मेळ घालतो, की मेईर यांचं म्हणणं बिगरज्यूंना लागू असलेल्या सात नियमांच्या अभ्यासाबद्दल आहे. तालमूद ही वादांची नोंद आहे, एक बाजू उचलून 'ज्यू असं मानतात' म्हणता येत नाही. १३व्या शतकात प्रोव्हान्समधले मेनाखेम मेईरी यांनी तर स्पष्टच मांडलं की हे भेदभावाचे नियम प्राचीन बेबंद लोकांसाठी होते. धर्माच्या बंधनाने वागणाऱ्या राष्ट्रांना ते लागू नाहीत.

सात नियम

हे सॅनहेद्रिन ५६अ वर आहेत आणि त्यांना 'नोआखच्या (मराठी बायबलमधल्या नोहाच्या) मुलांचे नियम' म्हणतात. मूर्तिपूजा, ईश्वरनिंदा, खून, निषिद्ध शरीरसंबंध आणि चोरी या पाच गोष्टी करू नयेत, जिवंत प्राण्याचा अवयव तोडून खाऊ नये, आणि न्यायालयं उभारावीत. 'बेन नोआख', अनेकवचनी 'ब्ने नोआख', म्हणजे या नियमांच्या दृष्टीने पाहिलेला कुठलाही बिगरज्यू. यात हिणवणं अजिबात नाही, ही कायद्यातली संज्ञा आहे. मराठीत 'नोहाची संतती' लिहिलं तर वाचक घोटाळतो, कारण बायबलच्या हिशेबाने ज्यूही नोहाचेच. 'नोआखी' असा शब्द ठेवून एकदा खुलासा द्या.

'हसिदे उमोत हाओलाम', जगातल्या राष्ट्रांतले सत्शील लोक, हा आदराचा शब्द. १२व्या शतकातले ज्यू धर्मपंडित मायमोनिडीस यांच्या संहितेनुसार सात नियम देवाची आज्ञा म्हणून पाळणारा यात येतो आणि त्याला परलोकात वाटा आहे. याच शब्दाला २०व्या शतकात नवा अर्थ मिळाला. यरुशलेममधली 'याद वाशेम' ही संस्था १९५३ च्या कायद्याने स्थापन झाली, आणि १९६३ पासून ती नाझी संहारात जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवणाऱ्या बिगरज्यूंना ही पदवी देते. आजवर २८ हजारांहून जास्त जणांना ती मिळाली आहे. ऑस्कर शिंडलर आणि जपानी राजनैतिक अधिकारी चिउने सुगिहारा त्यांतले. बातमीत हा शब्द आला तर तो याद वाशेमच्याच अर्थाने असतो. परलोक मध्ये आणू नका.

स्वयंपाकघर आणि शब्बाथ

खाण्याच्या वेष्टनावर हे शब्द आजही दिसतात. 'हलाव यिस्राएल' म्हणजे ज्यूच्या देखरेखीखाली काढलेलं दूध. उलट बाजूला 'हलाव नोख्री' किंवा 'हलाव अकुम'. 'पात यिस्राएल' हे भाकरीबद्दल. 'बिशुल यिस्राएल' शिजवण्याबद्दल. हा शेवटचा नियम कच्चा न खाता येणाऱ्या आणि राजाच्या पंक्तीला शोभेल अशाच पदार्थाला लागतो. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) प्रथेत ज्यूने विस्तव पेटवला तरी पुरतं. सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या) प्रथेत भांडं विस्तवावर त्यानेच ठेवावं लागतं. वाइनच्या बाटलीवर 'मेवुशाल' असेल तर ती तापवलेली आहे आणि बिगरज्यूने ओतली तरी कोशर, म्हणजे ज्यू नियमाने चालणारी, राहते. वल्हांडणाच्या (पेसाखच्या) सणाआधी घरातलं खमीर 'नोख्री'ला रीतसर विकलं जातं. इथे बिगरज्यू हा व्यवहारातला आवश्यक पक्ष आहे, त्याच्याशिवाय विक्रीच होत नाही.

'शाबेस गोय' म्हणजे शब्बाथच्या दिवशी, शनिवारच्या विश्रामदिनी, ज्यूंना वर्ज्य असलेलं काम करून देणारा शेजारी. शब्द यिडिश, आणि त्यात कमीपणा फारसा नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये लहानपणी हे काम केलं होतं. समज असा असतो की त्याला काहीही सांगता येतं. तसं नाही. बिगरज्यूला वर्ज्य काम सांगणं हेच रब्बींनी निषिद्ध केलं आहे. मिश्ना (शब्बाथ १६:८) सांगते की नोख्रीने स्वतःसाठी दिवा लावला तर ज्यूने उजेड वापरावा, ज्यूसाठी लावला तर नाही. सवलत आहे ती आजाऱ्यासाठी आणि कडाक्याच्या थंडीत शेगडी पेटवण्यासाठी, कारण 'थंडीपुढे सगळेच आजारी'. जीव जात असेल तर मात्र शाबेस गोय शोधत बसायचं नाही, ज्यूने स्वतःच शब्बाथ मोडायचा.

शिव्या

'शेकेत्स' म्हणजे किळसवाणी वस्तू. लेवीय ११ मध्ये पर आणि खवले नसलेल्या जलचरांसाठी हा शब्द आहे. त्यातून यिडिशमध्ये 'शेगेत्स' (बिगरज्यू पोरगा, अनेकवचन 'श्कोत्सिम') आणि 'शिक्सा' (बिगरज्यू पोरगी) आले. विनोदी मालिकांमुळे शिक्सा गोड वाटू लागला आहे, पण व्युत्पत्ती माहीत असलेल्याला तो गोड वाटत नाही. ज्यू मुलाच्या प्रेमात पडलेली बिगरज्यू मुलगी असा त्याचा ठरलेला प्रसंग असतो. स्वतःच्या लेखनात वापरू नका. अनुवादात ठेवायचा असेल तर मूळ शब्दच ठेवा आणि सूर संवादातून कळू द्या. शेगेत्स मात्र वात्रट ज्यू पोरालाही म्हणतात, तिथे 'कार्टं' चालून जातं.

'आरेल' म्हणजे सुंता न झालेला. दावीद गल्याथाला हेच म्हणतो (१ शमुवेल १७:२६). जुन्या मराठीत मुसलमानांना 'अविंध' म्हणत, म्हणजे कान न टोचलेला. शरीरावरच्या खुणेवरून परक्याला नाव देण्याची तीच तऱ्हा. अशा शब्दाचा शब्दशः अर्थ घेऊ नये हे मिश्नाच सांगते. 'आरेलांकडून काही घेणार नाही' असा नवस कोणी केला, तर सुंता न झालेल्या ज्यूकडून घेतलेलं चालतं आणि सुंता झालेल्या बिगरज्यूकडून चालत नाही (नेदारिम ३:११). शब्द कातडीचा, अर्थ समाजाचा.

पूर्वजांची नावं

मध्ययुगीन मजकुरात एसाव (याकोबाचा भाऊ) आणि अदोम (त्याचं राष्ट्र) म्हणजे रोम आणि पुढे ख्रिस्ती जग. इश्माएल म्हणजे अरब आणि मुसलमान. 'यावान' म्हणजे ग्रीक. आपला 'यवन' याच शब्दाचा भाऊ, आणि नशीबही सारखंच: संस्कृतातला ग्रीक यवन बखरीत मुसलमान झाला, तर यिडिशमध्ये 'योवन' म्हणजे रशियन शिपाई. म्हणून हिब्रूतल्या यावानला मराठीत यवन लिहू नका, 'ग्रीक' लिहा.

आजचा इस्रायल

ख्रिस्ती म्हणजे 'नोत्स्री', मुसलमान म्हणजे 'मुस्लेमी'. अरब, द्रूझ वगैरेंसाठी सरकारी भाषेत 'ब्ने मिउतिम', अल्पसंख्य. ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन वसण्याचा हक्क देणाऱ्या परतीच्या कायद्याला १९७० मध्ये झालेल्या दुरुस्तीने ज्यूच्या मुलांना, नातवंडांना आणि त्यांच्या जोडीदारांनाही स्थलांतराचा हक्क मिळाला. त्यामुळे हिब्रू बोलणारे, लष्करात जाणारे, पण धर्मनियमानुसार ज्यू नसलेले बरेच नागरिक तिथे आहेत. त्यांना 'गोय' म्हटलेलं लागतं, 'गेर' ते नाहीत, 'नोख्री' तर नाहीतच. कागदावर ते 'खसर दात', धर्मनोंद नसलेले. सांख्यिकी खात्याच्या तक्त्यात ते ज्यूंच्या शेजारी 'अखेरिम', म्हणजे 'इतर', या रकान्यात बसतात. तक्ता मराठीत आणताना 'ज्यू आणि इतर' यातल्या 'इतर'मध्ये अरब मोजू नका, त्यांचा रकाना वेगळा असतो.

लेखनाबद्दल एवढंच: 'गोयिम' हे अनेकवचनच आहे, 'एक गोयिम' लिहू नका. स्त्री असेल तर हिब्रूत 'गोया', यिडिशमध्ये 'गोये'. नोख्री, अखेरिम, नोआख यांतला ख घशातून खरवडून काढायचा. झारमधला झ 'झाड'मधल्यासारखा, 'झेंडा'मधल्यासारखा नव्हे.